पाळीव कासवांची पैदास : आधी हवी उपप्रजातीची ओळख

भिलाई : घरी पाळलेल्या कासवांची जोडी लावावी, अंड्यांतून निघालेली पिल्ले मोठी करावीत आणि पुढे ती जवळच्या नदीत अथवा तळ्यात सोडून द्यावीत, ही कल्पना अनेक प्राणिप्रेमींना निसर्गसेवेची वाटते. परंतु कासवाची प्रजातीच नव्हे, तर उपप्रजातीही ओळखल्याखेरीज केलेली पैदास त्या प्राण्याच्या वंशाची कधीही भरून न येणारी हानी करू शकते. निरनिराळ्या नदीखोऱ्यांच्या सीमांजवळ वसलेल्या छत्तीसगडमध्ये तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो.

भिलाई पोलाद कारखान्याच्या उभारणीबरोबर आखीव सेक्टरांची वसाहत वसली. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. विदर्भातून नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थायिक झाली. सेक्टर १० सारख्या वसाहतीतील एखाद्या घरात काचेच्या टाकीत कासव दिसले, तर ते कोठून आले याची साधारण तीन उत्तरे संभवतात : शोभेच्या माशांच्या दुकानातून, जवळच्या तळ्यातून वा शिवनाथ नदीतून, किंवा प्रवासात दुसऱ्या गावाहून. पैदाशीच्या दृष्टीने या तिन्ही उत्तरांचा अर्थ वेगवेगळा आहे.

उपप्रजाती म्हणजे काय?

एकाच प्रजातीचे प्राणी डोंगर, वाळवंट किंवा नदीखोऱ्यांच्या सीमांमुळे दीर्घकाळ एकमेकांपासून विलग राहिले, की त्यांच्या रंगात, आकारात आणि आनुवंशिक रचनेत फरक पडत जातो. हा फरक ठळक आणि विशिष्ट प्रदेशाशी निगडित असेल, तर शास्त्रज्ञ त्या गटाला उपप्रजाती मानतात. तिच्या शास्त्रीय नावात दोनऐवजी तीन शब्द असतात.

दोन उपप्रजातींच्या नर-मादींपासून पिल्ले होऊ शकतात, आणि अडचण नेमकी येथेच आहे. पिल्ले सुदृढ दिसतात, त्यांनाही पुढे संतती होते. मात्र हजारो वर्षांत एका खोऱ्याच्या पाण्याशी, तापमानाशी आणि अन्नाशी जुळलेला वंश त्या मिश्रणात हरवतो. एकदा झालेली अशी सरमिसळ पुन्हा वेगळी करता येत नाही.

जेथे दोन उपप्रजातींचे प्रदेश एकमेकांना भिडतात, तेथे निसर्गतःही मधल्या लक्षणांची कासवे आढळतात. त्यामुळे केवळ दिसण्यावरून प्रत्येक कासवाचा निर्णय करता येईलच असे नाही.

नदीखोऱ्यांच्या सीमा

भिलाई आणि लगतचे दुर्ग शिवनाथच्या खोऱ्यात येतात. शिवनाथ ही महानदीची उपनदी. हावडा-मुंबई लोहमार्गाने पश्चिमेकडे निघाल्यास राजनांदगाव आणि डोंगरगडनंतर डोंगराळ पट्टा लागतो. तो ओलांडून गोंदियाकडे उतरले, की पाणी वैनगंगेला आणि तेथून पुढे गोदावरीला मिळते. राज्याच्या उत्तरेस सरगुजा भागातील रिहंद नदीचे पाणी मात्र सोन नदीमार्गे गंगेत जाते.

माणसासाठी गोंदिया ते दुर्ग हा आगगाडीचा काही तासांचा प्रवास आहे. पाण्यात राहणाऱ्या कासवासाठी ते एका नदीव्यवस्थेतून दुसऱ्या नदीव्यवस्थेत होणारे स्थलांतर ठरते. पिशवीत घालून आणलेले कासव काही दिवसांनी कंटाळून जवळच्या तळ्यात सोडले, तर ते आपल्या मूळ खोऱ्याबाहेर सोडले गेलेले असते.

सर्वाधिक विकले जाणारे कासव

भारतीय शहरांतील दुकानांत दिसणारे तीनेक सेंटीमीटरचे हिरवे पिल्लू बहुधा ‘रेड इअर्ड स्लायडर’ म्हणजे लाल कानाचे कासव असते. ते मूळचे अमेरिकेचे. डोळ्यांमागील लाल पट्टा ही त्याची खूण. ट्रॅकेमिस स्क्रिप्टा या प्रजातीच्या तीन उपप्रजाती आहेत. लाल पट्ट्याची ‘एलिगन्स’, गालावर मोठा पिवळा डाग असलेली ‘स्क्रिप्टा’ आणि डोळ्यांमागे अरुंद पिवळसर पट्टा असलेली ‘ट्रूस्टी’. तिन्हींचा एकमेकींशी संकर होतो.

युरोपीय संघाने १९९७ मध्ये लाल पट्ट्याच्या उपप्रजातीची आयात थांबवली. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच प्रजातीच्या अन्य उपप्रजाती बाजारात आणल्या. अखेर २०१६ मध्ये संपूर्ण प्रजातीच आक्रमक परकीय जीवांच्या यादीत घालावी लागली. उपप्रजातीची ओळख हा केवळ अभ्यासकांचा विषय नसून कायदा आणि व्यापार यांच्याशीही तिचा थेट संबंध आहे, हे यावरून स्पष्ट होते.

हे पिल्लू वाढून २५ ते ३० सेंटीमीटर लांबीचे होते आणि अनेक दशके जगू शकते. टाकी अपुरी पडू लागली, की ते तळ्यात सोडण्याचा मोह होतो. जगातील सर्वाधिक उपद्रवी शंभर परकीय जीवांच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न यांसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते, तसेच रोगजंतूही पसरवू शकते. म्हणून स्लायडरच्या बाबतीत पैदास न करणे आणि ते उघड्या पाण्यात कधीही न सोडणे, हाच योग्य मार्ग आहे.

देशी कासवांच्या खुणा

या भूभागातील देशी कासवांमध्ये उपप्रजातींचा प्रश्न तीन प्रजातींच्या उदाहरणांवरून चांगला समजतो.

पहिले तंबू कासव. पाठीच्या मध्यभागी असलेल्या उंच कण्यामुळे त्याचे कवच तंबूसारखे दिसते. पंगशुरा टेन्टोरिया या नावाच्या या प्रजातीच्या तीन उपप्रजाती मानल्या जातात. महानदी आणि द्वीपकल्पातील अन्य नद्यांत ‘टेन्टोरिया’ आढळते. तिच्या पोटकवचावर काळसर डाग असतात. गंगेच्या खोऱ्यातील ‘सर्कमडाटा’ हिच्या पाठकवचाभोवती गुलाबी कडे दिसते. ‘फ्लॅव्हिव्हेंटर’ हिचे पोटकवच पिवळे आणि बहुधा डागविरहित असते. याचा अर्थ असा की, शिवनाथमधील आणि सरगुजाकडील तंबू कासवे एकाच प्रजातीची असली, तरी त्यांची जोडी लावणे योग्य ठरणार नाही.

दुसरे मऊ पाठीचे झडपवाले कासव, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. मागचे पाय आत ओढल्यावर पोटकवचाच्या झडपा त्यांना झाकून घेतात. सिंधू-गंगेच्या मैदानातील ‘अँडरसोनी’ या उपप्रजातीच्या डोक्यावर आणि पाठीवर पिवळे ठिपके असतात. द्वीपकल्पीय भारतातील कासवांची पाठ बरीचशी एकरंगी असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानंतर द्वीपकल्पातील कासवांचेही दोन गट मानले जाऊ लागले. म्हणजेच जुन्या पुस्तकातील वर्णनाच्या आधारे केलेली ओळख आज अपुरी ठरू शकते.

तिसरे काळे कासव, मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. हे महाराष्ट्रातील तळ्यांतही आढळते. त्याच्या उपप्रजाती ओळखताना डोक्याकडे पाहावे लागते. ‘ट्रायजुगा’ या द्वीपकल्पीय उपप्रजातीच्या डोक्यावर फिकट ठिपके अथवा जाळीदार नक्षी असते. केरळकडील ‘कोरोनाटा’च्या माथ्यावर काळा चौकोनी पट्टा आणि बाजूंना पिवळा रंग दिसतो. छोटा नागपूर आणि त्याच्या उत्तरेकडील ‘इंडोपेनिन्सुलॅरिस’ आकाराने मोठी असून तिचे डोके बहुधा एकरंगी असते. छत्तीसगडचा ईशान्य भाग छोटा नागपूरच्या पठाराला लागून असल्यामुळे येथील काळ्या कासवाचे मूळ ठिकाण माहीत असणे आवश्यक आहे.

तारांकित कासवाचे कोडे

जमिनीवर राहणाऱ्या कासवांमध्ये सर्वाधिक मागणी भारतीय तारांकित कासवाला असते. काळसर कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे कासव शुभ मानून घरात ठेवले जाते. कूर्मावताराची आख्यायिका आणि देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव यांमुळे या प्राण्याविषयी आधीच आदर असतो. तस्कर नेमक्या याच भावनेचा लाभ घेतात.

या कासवाच्या अधिकृत उपप्रजाती मानल्या जात नाहीत. तथापि वायव्य भारत व पाकिस्तान, दक्षिण भारत आणि श्रीलंका अशा तीन भागांतील कासवांत फरक दिसतो. वायव्येकडील कासवे तुलनेने मोठी आणि फिकट, दक्षिण भारतातील लहान आणि अधिक ठळक नक्षीची, तर श्रीलंकेतील मोठी आणि ठळक नक्षीची, असे सर्वसाधारण वर्णन केले जाते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या आणि २०२५ मध्ये समोर आलेल्या आनुवंशिक अभ्यासातही वायव्येकडील आणि दक्षिणेकडील असे दोन स्वतंत्र गट दिसून आले.

म्हणजे नावात तिसरा शब्द नसला, तरी संवर्धनासाठी हे गट वेगळेच ठेवावे लागतात. जप्त झालेली कासवे कोठे सोडावीत, हा प्रश्न यामुळेच कठीण होतो. सिंगापूरमध्ये जप्त करून भारतात परत आणलेल्या तारांकित कासवांचे मूळ शोधण्यासाठी हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांना डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला होता. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्रह्मदेशातील तारांकित कासव ही स्वतंत्र प्रजाती आहे. वरून ती भारतीय कासवासारखी वाटते. पण उलटून पाहिल्यास फरक कळतो. भारतीय कासवाच्या पोटकवचावरही किरणांसारख्या रेषा असतात, तर ब्रह्मदेशातील कासवाच्या पोटकवचावर गडद डाग असतात.

रंग फसवा असतो

रंगावरून वंश ठरवणे किती धोक्याचे असते, याचे उत्तम उदाहरण भिलाईतच आहे. पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये सुरू केलेले मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. पांढरा वाघ ही वाघाची वेगळी उपप्रजाती असल्याचा समज अनेकांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात तो केवळ रंगभेद आहे. एका जनुकातील लहानशा बदलामुळे हा रंग येतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. रेवा संस्थानात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या वाघापासून बंदिवासातील पांढऱ्या वाघांचा प्रसिद्ध वंश वाढला. त्यासाठी जवळच्या नात्यातील वाघांचे वारंवार मीलन घडवण्यात आले आणि अशा पैदाशीचे दुष्परिणामही दिसून आले.

कासवांतही असेच घडते. ओडिशातील बालासोर जिल्ह्यात २०२० च्या जुलै महिन्यात संपूर्ण पिवळ्या रंगाचे झडपवाले कासव आढळले होते. रंगद्रव्याच्या अभावामुळे आलेला तो रंग होता. नवी उपप्रजाती नव्हे.

बंदिवासातील आहारानेही कवच बदलते. अयोग्य खाद्य आणि कोरडे वातावरण मिळाल्यास जमिनीवरील कासवांच्या कवचावर अनैसर्गिक उंचवटे येतात. वय वाढते तशी नक्षी पुसट होते. त्यामुळे घरी वाढलेल्या कासवाची रानातील कासवाच्या छायाचित्राशी तुलना करून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

ओळख पटवण्याचा क्रम

ओळख करताना प्रथम प्रजाती निश्चित करावी लागते. खांबासारखे पाय असल्यास कासव जमिनीवरचे, बोटांमध्ये पडदे असल्यास पाण्यातले. त्यानंतर पाठकवच, पोटकवच आणि डोके यांची नैसर्गिक प्रकाशातील छायाचित्रे तपासली जातात. पोटकवचावरील शल्कांची, म्हणजे तुकड्यांची लांबी मोजणे काही प्रजातींत निर्णायक ठरते.

युरोपातील हर्मन कासव हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पश्चिमेकडील उपप्रजातीत छातीवरील दोन शल्कांमधील सांधा मांडीजवळील शल्कांच्या सांध्यापेक्षा आखूड असतो. पोटावर दोन सलग काळे पट्टे आणि गालावर बहुधा पिवळा ठिपका असतो. बाल्कन प्रदेशातील पूर्वेकडील उपप्रजातीत सांध्यांचे हे प्रमाण सामान्यतः उलट आणि काळे पट्टे तुटक असतात. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर पश्चिमेकडील उपप्रजाती आता मुख्यतः व्हार विभागात उरली आहे. तेथे लोकांनी सोडून दिलेल्या पूर्वेकडील पाळीव कासवांशी होणारा संकर हा तिच्यापुढील एक धोका मानला जातो.

बाह्य खुणा पुरेशा नसल्यास डीएनए तपासणी उपयोगी पडते. मात्र तिलाही मर्यादा आहेत. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए संततीला केवळ आईकडून मिळतो. त्यामुळे आई शिवनाथची आणि वडील गंगेच्या खोऱ्यातील असतील, तर या चाचणीत पिल्लू पूर्णपणे शिवनाथचेच भासेल. संकर ओळखण्यासाठी पेशीकेंद्रातील डीएनएची वेगळी तपासणी करावी लागते.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. कासवाची मादी नराचे शुक्राणू दीर्घकाळ, काही प्रजातींत काही वर्षेसुद्धा, शरीरात साठवून ठेवू शकते. त्यामुळे योग्य नरासोबत ठेवलेल्या मादीची पिल्ले पूर्वीच्या, दुसऱ्याच उपप्रजातीच्या नराची असू शकतात.

एकाकी जॉर्जचा धडा

ओळख चुकण्याची किंमत किती मोठी असते, हे गालापागोस बेटांवरील ‘लोनसम जॉर्ज’ने जगाला दाखवले. पिंटा बेटावरील महाकाय कासवांचा हा अखेरचा ज्ञात नर १९७१ मध्ये आढळला. गालापागोसच्या बेटांवरील या कासवांना काही शास्त्रज्ञ स्वतंत्र प्रजाती मानतात, तर काही उपप्रजाती. जॉर्जचा वंश राहावा म्हणून १९९० च्या दशकात त्याच्यासोबत वुल्फ ज्वालामुखी परिसरातील माद्या ठेवण्यात आल्या. १९९९ मध्ये आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले, की एस्पानोला बेटावरील कासवे त्याला अधिक जवळची आहेत. वुल्फ परिसरातील माद्यांनी २००८ आणि २००९ मध्ये घातलेली अंडी उबली नाहीत. एस्पानोलाच्या माद्या २०११ मध्ये त्याच्याजवळ आल्या आणि २४ जून २०१२ रोजी जॉर्जचा मृत्यू झाला. त्याच्यामागे संतती राहिली नाही.

याच्या उलट उदाहरण एस्पानोला बेटाचे आहे. तेथील केवळ १४ कासवे उरली होती. अमेरिकेतील सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातील एक नर त्याच बेटाचा असल्याचे ओळखून तो १९७० च्या दशकात परत आणण्यात आला. या पंधरा कासवांपासून सुरू झालेला पैदास कार्यक्रम यशस्वी झाला आणि २०२० मध्ये ही कासवे आपल्या बेटावर परतली. नेमकी ओळख आणि मूळ स्थानाची माहिती हा या यशाचा पाया होता.

कायदा काय सांगतो?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये देशी कासवांच्या बहुतेक प्रजातींना संरक्षण आहे. तारांकित कासव आणि झडपवाले कासव त्यांत येतात. अशी कासवे पकडणे, विकणे किंवा परवानगीशिवाय घरात ठेवणे गुन्हा आहे. त्यांची घरगुती पैदास करणेही यातच मोडते. हेतू चांगला असला, तरी कायद्यात सूट मिळत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराने २०१९ मध्ये तारांकित कासवाचा समावेश सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात केला.

कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले, तर अशा प्राण्यांच्या पैदाशीसाठी परवान्याचे नियम २०२३ मध्ये आले. नोंदणीच्या अर्जात प्राण्याची ओळख अचूक नमूद करावी लागते. म्हणून परदेशी कासवाची खरेदी पावती, मूळ देश आणि पूर्वीच्या मालकाची माहिती जपून ठेवणे आवश्यक आहे.

घरात कासव असल्यास

घरात आधीपासून कासव असल्यास त्याची छायाचित्रे काढून ते कोठून आणि केव्हा आले, याची लेखी नोंद करावी. प्रजाती निश्चित होईपर्यंत नर-मादी वेगळे ठेवावेत. मादीने अंडी घातलीच, तर ती उबवू नयेत. कासव देशी असल्याचा संशय आल्यास ते परस्पर नदीत न सोडता वन विभागाला कळवावे. ठिकाणाची खरी माहिती दिल्यास ते योग्य खोऱ्यात परत जाण्याची शक्यता वाढते.

भिलाईतील एखाद्या तळ्यात अथवा शिवनाथच्या पात्रात कासव दिसल्यास ते घरी न आणणे, हे सर्वांत सोपे संवर्धन आहे. जेथे ते आहे, तेथे त्याची उपप्रजाती ओळखण्याचा सर्वांत मोठा पुरावा, म्हणजे त्याचे मूळ ठिकाण, शाबूत असते. कासव टाकीत आले, की तोच पुरावा सर्वप्रथम नाहीसा होतो.